मदतीसाठी वाजवणार असाल तर

पोरांनो, दिघी, बोर्ली, श्रीवर्धन आणि खाडीपलीकडच्या मुरूडच्या बँडवाल्यांनी एकत्र येऊन मदतीचा कार्यक्रम करायचं ठरवलंय, हे ऐकून फार बरं वाटलं. मुंबईच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यात मदतीचे कार्यक्रमही पुष्कळ झाले. वाजवायचं कसं ते तुम्हाला येतं. मी बाकीचं सांगतो, आणि सुरुवात पैशापासून करतो. गाणं थोडं बेसूर झालं तर लोक सांभाळून घेतील, पण हिशेब बिघडला तर पुढच्या वेळी तुम्हाला कुणी उभं करणार नाही.

पैसे कुणाला आणि कशासाठी, हे आधी ठरवा आणि बॅनरवर स्पष्ट लिहा. नुसतं ‘गरजूंना मदत’ लिहू नका. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा कौलं उडाली, पत्रे गेले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी पत्रे हवे असलेल्या घरात जुन्या कपड्यांचे गठ्ठे येऊन पडतात. म्हणून ज्यांना मदत करायची त्यांच्या घरी जा, काय हवंय ते विचारा, आणि त्यांचं नाव माईकवरून घ्यायचं की नाही हेही त्यांनाच विचारा. आजारपणासाठी पैसे जमवताना माणसाचा फोटो मोठा करून मागे टांगतात, ते मला कधी पटलं नाही. त्या घराला उद्याही याच गावात राहायचं असतं.

आता कागद. नोंदलेला ट्रस्ट नसताना लोकांकडून मदत गोळा करायची तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ क लागतं. गणपतीची मंडळं काढतात तीच परवानगी. ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून आधी काढा, नाहीतर एखाद्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या आणि पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. कुणा एकाच्या खात्याचा क्यूआर कोड लावू नका, तो कितीही सज्जन असला तरी. जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकरांनी १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफला गेले. पण कार्यक्रम आधीपासून धर्मादाय संस्थेमार्फत नोंदवलेला नव्हता, म्हणून ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचा पैसा करखात्याच्या कचाट्यात वर्षानुवर्षं अडकून पडला. जगातले एवढे मोठे कलावंत, मन इतकं साफ, आणि कागदापायी भुकेल्या माणसांचे पैसे थांबले. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

चार बँड म्हणजे चार मान. याचा उत्तम धडा आपल्या रंगभूमीवर आहे. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या तोडीच्या कंपन्या, पण त्या रात्री बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर उभे राहिले. तर ‘शेवटी कोण वाजवणार’ यावर भांडू नका. नावं पोस्टरवर सारख्या अक्षरात छापा आणि क्रम चिठ्ठी टाकून ठरवा. मुरूडवाल्यांना मात्र चिठ्ठीत घालू नका, त्यांना पहिले वाजवू द्या. आगरदांड्याची शेवटची फेरीबोट चुकली तर सामानासकट खाडीला वळसा घालून घर गाठावं लागेल. तेवढं करूनही उशीर झालाच, तर त्यांच्या झोपण्याची सोय कुणाच्या तरी ओटीवर आधीच लावून ठेवा.

ड्रमसेट सगळ्यांना मिळून एकच ठेवा. स्नेअर, झांजा आणि पेडल ज्याचे त्याने आणावे. अ‍ॅम्पही दोनच पुरतात. प्रत्येक बँडने चार गाणी वाजवायची, आणि मुरूडवाले निघायच्या आत एक गाणं सगळ्यांनी मिळून. त्या गाण्याची तालीम एकत्र बसूनच करा, व्हॉट्सअ‍ॅपवर कॉर्ड पाठवून भागवू नका.

वीज. हे नीट ऐका. गिटार हातात आणि ओठ माईकला, अशा वेळी शॉक बसून गाणारे जिवाला मुकलेत. अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या फेजवर, त्यात अर्थिंग कच्चं, की हा धोका उभा राहिलाच. म्हणून आवाजाचं सगळं सामान एकाच फेजवर, एकाच बोर्डावरून घ्या. दिवे वेगळ्या फेजवर. मैदानात अर्थिंग नसेल तर वायरमनकडून मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या आणि पाणी ओतून तो ओला ठेवा. लाइनमध्ये ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवायला सांगा. गाणाऱ्याने उभं राहण्याआधी वायरमनने माईकची जाळी आणि गिटारच्या तारा यांच्यामध्ये मीटर लावून बघायचं. गिटार गुणगुणते म्हणून अर्थची पिन काढून टाकणारा कुणी भेटला तर त्याला सामानाजवळ फिरकू देऊ नका, मग तो कितीही जुना साउंडवाला असो.

खारी हवा तारा खाते, तेव्हा तारा आदल्या दिवशी बदला, ताणून ठेवा, प्रत्येक गाण्यानंतर कोरड्या फडक्याने पुसा. मंचाची पाठ समुद्राकडे करा, म्हणजे संध्याकाळचा वारा माईकमध्ये सरळ घुसणार नाही. तरी माईकवर फोमची टोपी हवीच. थंडीत रात्री दव पडतं, मिक्सरवर छप्पर घाला.

परवानगी दिघी सागरी पोलीस ठाण्यातून आणि ना-हरकत ग्रामपंचायतीकडून घ्या. रात्री दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद. दवाखाना आणि शाळेपासून शंभर मीटरच्या आत उघड्यावर लाउडस्पीकर लावायचाच नाही. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन म्हणजे रॉकचं माहेरघर होतं. शेजारी इस्पितळं आणि कॉलेज, म्हणून तिथले कार्यक्रम याच नियमात बंद पडले. जागा गेली की पोरांची एक पिढी वाजवायला मुकते, तेव्हा साडेनऊलाच शेवटचं गाणं सुरू करा.

समोर कोण बसणार त्याचाही विचार करा. पुढच्या रांगेत आजी असेल, नातू मांडीवर असेल. पहिलंच गाणं ओरडून म्हणू नका. हळदीच्या रात्री कोळीवाड्यात वाजतो तो सहा मात्रांचा ठेका ड्रमवर धरा, गावातल्या बेंजोवाल्याला शेजारी उभा करा, त्याला दोन आवर्तनं एकट्याला द्या, आणि मग गिटार आत आणा. लोक तुमच्याबरोबर आले की पुढे हवं तेवढं जोरात वाजवा. बेंजोवाल्याला पाहुणा म्हणून दोन मिनिटांसाठी बोलवायचं नाही, तालमीपासून धरायचं.

डबा फिरवायचा तर दोघांनी फिरवावा, दोघं वेगळ्या घरचे. डबे सीलबंद हवेत. त्याच रात्री मंचावर, गावातल्या चार बायाबापड्यांसमोर उघडून मोजा. जमा किती, मंडप, जनरेटर आणि साउंडचा खर्च किती, शिल्लक किती, हे फळ्यावर लिहून फळा दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीबाहेर लावा. खर्च लपवू नका. साउंडवाला आणि टेम्पोवाला पोटासाठी काम करतात, त्यांना फुकट राबवून मदत करायची नसते. त्यांची रक्कम आधी बोलून घ्या, तेवढ्यापुरता एखादा दुकानदार गाठा, आणि सामान टेम्पोत चढायच्या आत पैसे त्यांच्या हातावर ठेवा.