मोहरेची पारख

जुन्या सोन्याच्या नाण्याला उर्दूत अशर्फी म्हणतात. मराठीत त्याला मोहोर म्हणतात. मुघल काळातील मोहोर साधारणपणे ११ ग्रॅम वजनाची असे. समजा, अशी एक मोहोर तुमच्या हाती आली. ती किती चांगल्या स्थितीत आहे, हे तुम्ही कसे ओळखाल?

मोहोर नेहमी काठाला धरा. छापाला बोटे लावू नका. खिडकीजवळ बसा आणि मोहोर हळूहळू तिरपी करून भिंगातून पाहा.

प्रथम अक्षरांचे उंच भाग पाहा. सोने मऊ असते. नाणे या हातातून त्या हातात फिरले, की उंच भाग आधी झिजतो. अक्षरे सपाट झाली असतील, तर मोहोर खूप वापरलेली आहे, असे समजा.

पण अपुरे अक्षर म्हणजे झीज नव्हे. त्या काळी कारागीर सोन्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोडा मारीत. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे काही अक्षरे काठाबाहेर राहत.

येथे तुमचे उर्दू उपयोगी पडेल. मोहरेवरील मजकूर उर्दूसारख्याच लिपीत असतो. त्यात ‘जर्ब’ हा शब्द शोधा. त्याच्याजवळ टाकसाळीच्या गावाचे नाव असते. आग्रा, लाहोर, सुरत, बुरहाणपूर अशी नावे आढळतात. हिजरी सनही असतो. गाव व सन पूर्ण उमटले असतील, तर संग्राहक अशा मोहरेला अधिक किंमत देतात.

आता काठ पाहा. पूर्वी मोहरेला कडी लावून ती गळ्यात घालीत. कडी काढली, तरी जोडाची खूण राहते. वजन बरेच कमी भरले, तर कुणी काठ कानशीने घासला असेल. अशा मोहरेची किंमत कमी होते.

मळकट मोहोर चिंचेने किंवा राखेने घासून चमकवावी, असे अनेकांना वाटते. ही मोठी चूक आहे. घासल्याने बारीक ओरखडे पडतात आणि अक्षरे पुसट होतात. बाजारात सोने पुन्हा मिळेल, पण पुसलेला सन परत मिळणार नाही. म्हणून घरात जुने नाणे सापडले, तर ते घासू नका. आधी वाचा!

शब्दार्थ
पारख – परख
काठ – किनारा
टाकसाळ – टकसाल
ओरखडा – खराश
कानस – रेती

प्रश्न
१. मोहरेवरील काही अक्षरे काठाबाहेर का राहत?
२. जुनी मोहोर का घासू नये?
३. घरातील एक जुने नाणे पाहा व त्याच्या स्थितीविषयी पाच वाक्ये लिहा.