आधी पाणी बघ, मग मोटर

अगं, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला बराच वेळ झोप लागली नाही. गटातल्या बायांनी मासेमारीसाठी बोट घ्यायचं काम तुझ्यावर टाकलं, आणि तू चार दुकानदारांचे आकडे ऐकून पार भांबावून गेलीस. एक म्हणतो ८ हॉर्सपॉवर घ्या, दुसरा म्हणतो १५ शिवाय भागायचं नाही, तिसरा बॅटरीची मोटर गळ्यात मारतोय. बघ, जी बाई धानाचा हिशेब, बचत गटाची वही आणि सासूबाईंची औषधं एका वेळी सांभाळते, तिला बोट निवडणं जड नाही. फक्त तू उलट्या टोकाने सुरुवात केलीस. मोटर शेवटी येते गं. आधी पाणी, मग माणसं, मग बोट आणि मग मोटर.

आपला गोंदिया तलावांचा जिल्हा खरा, पण सगळं पाणी एका स्वभावाचं नाही. नवेगाव बांध बघ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी तो बांधला असं आपण ऐकत आलो, आणि भोवतीच्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. तिथं पाणी एवढं पसरलेलं की दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. इटियाडोहसारख्या धरणात उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या झाडांची खुंटं तळातून वर डोकावतात. वैनगंगेत पावसाळ्यात ओढ असते आणि उन्हाळ्यात रेतीचे पट्टे उघडे पडतात. आणि गावची बोडी किंवा मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणजे कडेला गुडघाभर पाणी, खाली चिखल, वर कमळ, शिंगाडा आणि सगळीकडे ती बेशरमची झुडपं. तुमचा गट यातल्या कोणत्या पाण्यात रोज उतरणार, ते मला आधी एका वाक्यात सांग. "सगळीकडेच" असं उत्तर देऊ नकोस. जिथं वर्षातले जास्तीत जास्त दिवस जाणार, त्या पाण्यासाठी बोट घ्यायची.

आता माणसं. छोट्या सपाट बोटीसाठी एक सोपा हिशेब आहे, तो वहीत लिहून घे. बोटीची लांबी फुटात, गुणिले रुंदी फुटात, भागिले १५. जेवढं उत्तर येईल तेवढी माणसं, आणि तेही शांत पाण्यात. १४ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद बोट असेल तर उत्तर चार येतं. पण त्यात जाळं, बर्फाचा डबा, मासळीचं टोपलं आणि मोटरसुद्धा धरायची. म्हणजे दोन बाया, जाळं आणि भरलेलं टोपलं एवढ्यातच तुमची बोट भरली. तिसरी बाई काठावरून हात करील, "मलाही घ्या गं" म्हणेल. तेव्हा नाही म्हणायला शीक.

हे मी उगीच ताणत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण गेले, एकाच गोतावळ्यातले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शीकडे वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव बुडाली. आपल्यासारख्याच बाया गं, सकाळी घरचं आवरून मजुरीला निघालेल्या. म्हणून माझा हट्ट ऐक. पैशांची यादी करशील तेव्हा पहिल्या ओळीत लाइफ जॅकेट लिही, माणशी एक. अंगात घालून, पट्टे आवळून, खांद्यापाशी धरून वर ओढून बघ. हनुवटीवर सरकलं तर माप मोठं आहे. आणि बोटीत ते टोपल्याखाली ठेवायचं नाही, अंगात घालायचं.

बोटीचं म्हणशील तर डोंग्याला मोटर लावायचा विचार सोडून दे. डोंगा वल्ह्यासाठी आणि बांबूसाठीच चांगला. ढिवर माणूस त्यात उभा राहून जाळं फेकतो, कारण त्याचा तोल लहानपणापासूनचा आहे. पण अरुंद डोंग्याच्या टोकाला मोटरचं वजन आलं की तो लगेच कलतो. तुम्हाला सपाट तळाची, रुंद फायबरची बोट बरी. तलावात स्थिर राहते, उथळ पाण्यात लवकर टेकत नाही, आणि तडा गेला तर फायबरचं कापड आणि रेझिन लावून दुरुस्त होते. विकत घेताना तीन गोष्टी बघ. बाकाखालच्या बंद कप्प्यात फोम भरलाय का, म्हणजे पाणी शिरलं तरी बोट तरंगत राहील. तळावर मुठीने वाजवून बघ, मडकं विकत घेताना वाजवतो ना तसं. कुठे बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. आणि मोटर जिथं अडकवतात ती मागची फळी दोन्ही हातांनी जोर लावून हलवून बघ. ती हलली तर ती बोट नको.

आता आलो मोटरपाशी. खरं सांगू का, माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली. मला एका विक्रेत्याने सांगितलं, ताई, ताकद जास्त असलेली बरी. मी १५ हॉर्सपॉवरची जुनी मोटर उचलून आणली. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की भरलेली छोटी बोट स्वतःच्या लांबीवर ठरलेल्या वेगापुढे सहज जात नाही. १४ फुटी बोटीला तो ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे मोटर नुसती लाट उठवते आणि पेट्रोल पिते. शिवाय १५ची फोर-स्ट्रोक मोटर साधारण ५० किलोची, म्हणजे तांदळाचं भरलेलं पोतं. मागून बोट खाली बसली, पुढून वर उठली. तुमच्या कामाला ४ ते ६ हॉर्सपॉवर पुरे होईल. ती पंचवीस किलोच्या आसपास असते, दोघी मिळून घरापर्यंत नेऊ शकता. रात्री तलावावर मोटर सोडायची नसते, हे ध्यानात ठेव.

दुसरी चूक मापाची. मोटरचा शाफ्ट आखूड असतो किंवा लांब. आखूड १५ इंच उंचीच्या फळीसाठी, लांब २० इंचांसाठी. माझी फळी १५ची आणि शाफ्ट लांब. बोडीच्या कडेला पंखा चिखलात घुसायचा. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते बघ, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी. दुकानात जाण्याआधी फळीची उंची मोजून ने.

तिसरी चूक सांगते ती कधीच करू नकोस. बऱ्याच छोट्या मोटरींच्या पंख्यात एक बारीक पिन असते. पंखा खुंटाला आपटला की ती पिन मुद्दाम तुटते, म्हणजे आतले गिअर वाचतात. फ्यूजसारखं समज. माझी पिन धरणात तुटली, जवळ दुसरी नव्हती, म्हणून मी घरून आणलेला खिळा ठोकून बसवला. पुढच्या खुंटाला खिळा काही तुटला नाही, गिअर तुटले. संध्याकाळ झाली होती, वल्हंही नेलं नव्हतं. जाऊबाई आणि मी मासळीच्या थर्माकोल डब्याचं झाकण पाण्यात मारत मारत काठाला आलो. हात सोलून निघाले. तेव्हापासून बोटीत दोन वल्ही, पाच पिना, एक पक्कड आणि बेशरमच्या फांद्या कापायला कोयता असतोच. फांदी अडकली की आधी मोटर बंद, मग वर उचलायची, मग कापायचं. चालू मोटरजवळ हात नाही, पदर नाही, वेणीसुद्धा नाही. आणि मोटर बंद करणारी लाल दोरी असते ना, ती मनगटाला गुंडाळूनच बसायचं. चालवणारी पाण्यात पडली की मोटर आपोआप बंद होते.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हेही विचारलंस. टू-स्ट्रोक हलकी, दुरुस्तीला सोपी, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. मोटरच्या पुस्तकात ५०ला १ लिहिलं असेल तर एक लिटरला २० मिली, मापाने, अंदाजाने नाही. फोर-स्ट्रोकला मिसळणं नाही, आवाज कमी, पेट्रोल कमी. ५ची मोटर पूर्ण जोरात तासाला दीड-दोन लिटर घेईल. रोज वापरणार असाल तर मी फोर-स्ट्रोक म्हणेन. मात्र विकत घेताना एक प्रश्न विचारच, पार्ट नागपूरला मिळतात की लांबून मागवावे लागतात? नुसतं "मिळेल ताई" ऐकून उठू नकोस, पंप आणि पिन आत्ता दाखवा म्हण.

लहानशा तलावात बॅटरीची मोटर मला मनापासून आवडते. पक्षी उठत नाहीत, पाण्यावर तेल येत नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीत आणि तलावाच्या कडेला सारसाचं घरटं असतं, त्याच्याजवळून आवाज न करता जाता येतं. पण हिशेब समजून घे. ५५ पौंड जोराची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते, आणि शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये. म्हणजे १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर पूर्ण वेगात जेमतेम तासभर, हळू चालवलंस तर कितीतरी जास्त. गाडीची बॅटरी लावू नको, ती फक्त स्टार्टरला झटका द्यायला असते. वाऱ्याच्या मोठ्या पाण्यात आणि नदीच्या ओढीत बॅटरीवर विसंबू नकोस.

मोटर सुरू झाली की मागून पाण्याची बारीक धार येते का बघ, हाताचं बोट लावून बघ. धार कोमट आणि सरळ असली की सगळं ठीक. धार तुटली की लगेच बंद कर. गाळ किंवा शेवाळ आत गेलंय, मोटर तापून बसेल. हंगाम संपला की टाकीतलं पेट्रोल काढून टाक, नाहीतर आत चिकट थर बसतो.

कागदांचं पण घाबरू नकोस. तलाव जिल्हा परिषदेचा, पाटबंधाऱ्याचा की वनखात्याचा, हे आधी विचार, परवानगी तिथूनच लागते. मोटरची बोट नोंदवावी लागते, २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. आणि मत्स्य खात्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेचं विचार. त्यात महिलांना ठरलेल्या खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदत ठरली होती, ती अजून चालू आहे का तेही विचार. पण मंजुरी हातात येण्याआधी दुकानात पैसे भरू नकोस.

तू एकटी बसून हे सगळं ठरवू नकोस हं. पहिल्या दिवशी तुमच्यातली जी पाण्याला सगळ्यात जास्त भिते तिला पुढे बसव, काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात फिरवा. ती उतरताना "परत एक फेरी" म्हणाली तर बोट बरोबर निवडली असं समज.

उद्याचं काम एकच. शिवणाच्या डब्यातला टेप घे, शेजारच्या गावच्या गटाची बोट बघायला जा, तिची लांबी, रुंदी आणि मागच्या फळीची उंची वहीत लिही, आणि संध्याकाळी मला ते तीन आकडे सांग. तोवर कोणत्याही दुकानदाराचा फोन उचलू नकोस.