बाबांना अटॅक येऊन गेल्यावर

आई-बाबांनो, घरात कुणाला हार्ट अटॅक येऊन गेला की सगळं घर पेशंटभोवती फिरायला लागतं. ॲन्जिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो, डिस्चार्ज मिळतो. मग बघायला येणाऱ्यांची रीघ, शहाळी, मोसंबी आणि न मागता मिळालेले सल्ले. या गडबडीत पोरं गप्प होतात आणि आपण कौतुकानं म्हणतो, "किती समजूतदार झाली हो!" समजूतदार कसली, बहुतेकदा ती घाबरलेली असतात.

ओळखीतल्या एका घरात चौथीतली मुलगी टीव्हीचा आवाज पार बारीक करून कार्टून बघायची. बाबा दुपारी झोपले की दारातून त्यांची छाती वरखाली होते का, ते बघून जायची. एकदा आईला तिनं विचारलं, "मी सायकलसाठी हट्ट केला म्हणून बाबांना अटॅक आला ना?" चौकशी केली तेव्हा कळलं, भेटायला आलेल्या एक काकू तिला सांगून गेल्या होत्या, "आता बाबांना त्रास देऊ नकोस हं, नाहीतर परत अटॅक येईल." त्यांच्या दृष्टीनं ते शहाणपणाचे दोन शब्द होते. पोरीच्या डोक्यावर मात्र केवढं ओझं! हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका, आजीलासुद्धा नाही.

त्यापेक्षा खरं काय झालं ते सांगा. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो, एखाद्या दिवशी तो फाटतो, तिथं रक्ताची गुठळी होते आणि रक्त अडतं. हट्ट केल्यानं किंवा कमी मार्क पडल्यानं हा थर साचत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एवढं नीट कळतं. "परत येईल का?" असं विचारलं तर "छे, काही होत नाही" म्हणून उडवून लावू नका. येऊ शकतो, पण तो येऊ नये म्हणूनच या गोळ्या, हे चालणं, असं सांगा. आणि बाबांची सिगारेट मुलांना केव्हाच ठाऊक असते, तेव्हा तीही लपवू नका. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, हे बाबांनी स्वतः मुलांना सांगावं. मग मुलंच पहारा ठेवतात!

गोळ्यांचं मात्र घरातल्या मोठ्यांनी बघायचं. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर चालतात. "आता बरं वाटतंय" म्हणून त्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

जेवणाबद्दल माझं मत ठाम आहे: बाबांसाठी वेगळी अळणी भाजी नको. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढंच मीठ सांगते, आणि ते निरोग्यांनाही लागू आहे. पापड, लोणचं, फरसाण सगळ्यांच्याच ताटात कमी करा. एकट्याचं पथ्य फार दिवस टिकत नाही.

अटॅकनंतर माणूस चिडचिडा होतो, क्वचित बारीकसारीक कारणानं रडतो. त्याला नाटक म्हणू नका. मन खचणं या आजारात नेहमीचंच आहे आणि ते आठवडेच्या आठवडे टिकलं तर डॉक्टरांना सांगायला हवं. उलट टोकाला आई पहारेकरी होते: जिना चढू नका, पिशवी उचलू नका. काय करायचं, काय नाही, हे डॉक्टर सांगतील. त्यांनी परवानगी दिली की संध्याकाळी मुलाचं बोट धरून बाबांना फिरायला पाठवा, दोघांचीही भीती चेपते. त्या अर्ध्या तासात आईनं आपलं स्वतःचं बीपी तपासून घ्यावं. तिच्याकडे बघायला या दिवसांत कुणाला सवड नसते.

एक काम आजच करा. छातीवर दाब, दरदरून घाम, हात किंवा जबडा दुखणं, धाप लागणं यांतलं काही दिसलं तर मोठ्यांना हाक मारायची, कुणी नसेल तर १०८ फिरवायचा आणि घराचा पत्ता सांगायचा, हे मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत येते.