तारिणीवरील सहा जणी

(शिडाच्या नौकेतून महासागर ओलांडायचा असेल तर धाडस लागतेच, पण त्याहून अधिक शिस्त आणि एकमेकांवरचा विश्वास लागतो. २०१७-१८ मध्ये भारतीय नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. या प्रवासाची आणि नौकेवरील जीवनाची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही समुद्रात एका लहानशा नौकेवर आहात. रात्रीचे दोन वाजले आहेत. चहूकडे काळोख आहे. सर्वांत जवळची जमीन हजार मैल दूर आहे. तुमचे चार सोबती खाली झोपले आहेत. तुम्ही आणि आणखी एक सोबती असे दोघेच वर जागे आहात. दिवसभराच्या कामाने अंग दुखत आहे. डोळे मिटू लागले आहेत. अशा वेळी तुम्हांला डुलकी लागली तर? वारा अचानक फिरला तर? एखादे मोठे जहाज समोर आले तर? खाली झोपलेल्या चौघांचे प्राण तुमच्या उघड्या डोळ्यांवर अवलंबून आहेत.

भारताच्या सहा मुलींनी अशा कितीतरी रात्री समुद्रावर काढल्या. त्यांचीच ही हकिकत आहे.

१० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ निघाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी या नौकेच्या कप्तान होत्या. प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता या त्यांच्या पाच सहकारी होत्या. आश्चर्य म्हणजे या सहा जणींपैकी बहुतेकींची घरे समुद्रापासून फार दूर आहेत. वर्तिका आणि पायल उत्तराखंडच्या, प्रतिभा हिमाचल प्रदेशची, तर विजया देवी मणिपूरची. ऐश्वर्या हैदराबादची. फक्त स्वातीचे गाव विशाखापट्टणम हे समुद्रकाठी आहे. डोंगरात वाढलेल्या मुलीही उत्तम दर्यावर्दी होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

अर्थात हे एका दिवसात घडले नाही. कॅप्टन दिलीप दोंदे हे त्यांचे मार्गदर्शक होते. दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच ‘म्हादेई’वर या मुलींनी नौकानयनाचे धडे घेतले. २०१६ मध्ये त्यांनी गोव्याहून मॉरिशसपर्यंतचा प्रवास केला. त्यानंतर त्या केपटाऊनपर्यंत जाऊन आल्या. शिडे कशी बांधावीत, दोरांच्या गाठी कशा माराव्यात, ढग पाहून वादळ कसे ओळखावे, बिघडलेले यंत्र कसे दुरुस्त करावे, हे सारे त्या शिकल्या.

‘तारिणी’ म्हणजे तारून नेणारी. ही नौका गोव्यातच बांधली गेली. तिची लांबी ५५ फूट, म्हणजे सुमारे १७ मीटर आहे. तिची डोलकाठी नौकेच्या लांबीपेक्षाही उंच आहे. वाऱ्याच्या जोराप्रमाणे वापरण्यासाठी तिच्यावर वेगवेगळी सहा शिडे होती. अशा नौकेत बंदरात ये-जा करण्यासाठी एक लहान इंजिन असते. पण महासागर मात्र वाऱ्याच्या बळावरच ओलांडायचा असतो.

पृथ्वीप्रदक्षिणेचे काही नियम आहेत. ज्या बंदरातून निघायचे, त्याच बंदरात परत यायचे. विषुववृत्त किमान दोन वेळा ओलांडायचे. सुएझ किंवा पनामा यांसारख्या कालव्यांतून जायचे नाही. एकूण प्रवास २१,६०० सागरी मैलांपेक्षा कमी नसावा. हा आकडा कुठून आला? पृथ्वीच्या वर्तुळाचे ३६० अंश असतात. प्रत्येक अंशाचे ६० भाग केले, की एक भाग म्हणजे एक सागरी मैल. ३६० ला ६० ने गुणून पाहा! एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. म्हणून हे अंतर जवळजवळ ४०,००० किलोमीटर होते.

‘तारिणी’ने ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन या बंदरांत मुक्काम केला. न्यूझीलंडहून फॉकलंड बेटांकडे जाण्याचा टप्पा सर्वांत कठीण होता. हा टप्पा पार करायला सुमारे चाळीस दिवस लागले. तेवढे दिवस पाणी आणि आकाश यांशिवाय दुसरे काही नव्हते. या प्रवासात त्यांनी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. पूर्वेकडे जाताना ही रेषा ओलांडली, की एक तारीख पुन्हा येते. त्यामुळे त्यांनी एकच दिवस दोनदा अनुभवला!

अशा नौकेवर प्रवासी कोणीच नसतो. प्रत्येक जण खलाशी असतो. चोवीस तासांचे पहारे आधीच वाटून घेतलेले असतात. काही जण वर पहारा देतात, तेव्हा बाकीचे खाली विश्रांती घेतात. पहाऱ्यावर असणाऱ्याला सुकाणू, शिडे, होकायंत्र आणि क्षितिज या सर्वांकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. वारा, लाटा आणि नौकेची जागा यांची नोंद वहीत करावी लागते. पहारा संपला, की पुढच्या सोबत्याला उठवायचे, त्याला सारी परिस्थिती नीट सांगायची आणि मगच खाली जाऊन पाठ टेकायची. पुढचा सोबती पाच मिनिटे उशिरा आला, तर थंडीत भिजलेल्या माणसाला तेवढा वेळ अधिक उभे राहावे लागते. म्हणून नौकेवर वेळ पाळणे हा सभ्यतेचा पहिला नियम असतो.

इतर कामेही वाटून घ्यावी लागतात. डुलणाऱ्या चुलीवर स्वयंपाक करणे हे मोठे कसबाचे काम आहे. ताजी भाजी आणि फळे थोड्याच आठवड्यांत संपतात. पुढे डाळ, तांदूळ आणि डब्यांतील पदार्थ यांवर दिवस काढावे लागतात. सभोवार पाणीच पाणी असते. पण पिण्याचे पाणी थेंब-थेंब जपून वापरावे लागते. एखादीला बोट लागली, तर तिचे काम दुसरी न बोलता उचलते. उद्या आपल्यावरही तशी वेळ येऊ शकते, हे तिला माहीत असते. लहानशा जागेत सहा जणी महिनोन्‌महिने राहिल्या, की मतभेद होणारच. पण तेथे रागावून दुसरीकडे निघून जाता येत नाही. मनातले बोलून टाकायचे आणि पुन्हा कामाला लागायचे, हाच उपाय असतो.

पृथ्वीच्या दक्षिण भागात, चाळीसाव्या अक्षांशाच्या खाली, जमीन फार थोडी आहे. तेथे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना अडवणारे काहीच नसते. त्यामुळे ते फार वेगाने वाहतात आणि समुद्रात प्रचंड लाटा उठतात. पॅसिफिक महासागरात ‘तारिणी’ अशाच वादळात सापडली. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्याही वर गेला. दुमजली घराएवढ्या लाटा नौकेवर येऊन आदळू लागल्या. थंडी तर हाडे गोठवणारी होती.

वादळात शिडे लहान करावी लागतात. शीड मोठे राहिले, तर ते फाटते किंवा डोलकाठी मोडते. त्यासाठी भिजलेल्या, निसरड्या फळीवर जावे लागते. अशा वेळी प्रत्येकीच्या अंगावर पट्टा असतो आणि तो मजबूत दोराने नौकेला बांधलेला असतो. एका हाताने स्वतःला धरायचे आणि दुसऱ्या हाताने काम करायचे. वाऱ्याच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही. तेव्हा सोबतीण आता काय करणार, हे न सांगता ओळखावे लागते. एकीने दोर सोडायचा आणि दुसरीने त्याच क्षणी ओढायचा. एकीची चूक सहा जणींना भोवू शकते. अनेक महिन्यांचा सराव अशा वेळी कामी येतो.

ते वादळ त्यांनी निभावून नेले. १९ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न हे भूशिर ओलांडले. येथील समुद्रात आजवर अनेक जहाजे बुडाली आहेत. म्हणून जगभरचे दर्यावर्दी या भूशिराला मान देतात. तेथे या सहा जणींनी तिरंगा फडकवला. थोड्याच दिवसांत त्या पोर्ट स्टॅन्लीला पोहोचल्या. तेव्हा त्यांच्या घरच्या मंडळींच्या जिवात जीव आला असेल.

संकटे मात्र संपली नव्हती. केपटाऊन सोडून त्या हिंदी महासागरात आल्या. आता घर जवळ आले होते. तोच सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. सुकाणू नीट चालत नसेल, तर नौकेला दिशा देता येत नाही. गोवा गाठण्याची घाई न करता त्यांनी नौका मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात नेली. हा मुक्काम आधी ठरलेला नव्हता. तेथे दुरुस्ती करून त्या पुन्हा निघाल्या. कुठे पुढे जायचे आणि कुठे थांबायचे, हे ओळखणे हासुद्धा धैर्याचाच भाग आहे.

२१ मे २०१८ रोजी ‘तारिणी’ गोव्यात परत आली. हा प्रवास २५४ दिवस चालला. त्यांपैकी १९९ दिवस त्या समुद्रावर होत्या. वाटेत त्यांनी हवामानाच्या आणि लाटांच्या नोंदी केल्या. समुद्रातील प्रदूषणाचीही माहिती गोळा केली. भारतीय महिलांच्या पथकाने शिडाच्या नौकेतून केलेली ही पहिलीच पृथ्वीप्रदक्षिणा होती.

पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी हीच ‘तारिणी’ पुन्हा गोव्याहून निघाली. या वेळी नौकेवर दिलना के. आणि रूपा ए. या दोनच महिला अधिकारी होत्या. २९ मे २०२५ रोजी त्याही पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या. दोघीच असल्यावर एक झोपली, की दुसरीने जागेच राहायचे!

मुलांनो, तुमच्या उर्दूतले कितीतरी शब्द मराठी दर्यावर्दींच्या तोंडी आहेत. बंदर आणि खलाशी हे शब्द तुम्ही लगेच ओळखाल. उर्दूतला नाखुदा मराठीत ‘नाखवा’ झाला. अरबीतील सुक्कान मराठीत ‘सुकाणू’ बनले. दर्या म्हणजे उर्दूत बहुधा नदी. मराठीत मात्र दर्या म्हणजे समुद्र. पूर्वी अरब, इराणी आणि कोकणी खलाशी या किनाऱ्यावर एकत्र काम करत. एकमेकांचे शब्द कळल्याशिवाय नौका चालली नसती. आपण एकमेकांची भाषा शिकतो, तेव्हा तेच काम पुढे चालवत असतो.

शब्दार्थ

पृथ्वीप्रदक्षिणा – पृथ्वीभोवती पूर्ण फेरी
दर्यावर्दी – समुद्रावर प्रवास करणारा
डोलकाठी – शीड बांधण्याचा उंच खांब
सुकाणू – नौकेला दिशा देण्याचे साधन
होकायंत्र – दिशा दाखवणारे यंत्र
भूशिर – समुद्रात शिरलेले जमिनीचे टोक
कसब – कौशल्य, हुनर
बोट लागणे – नौकेच्या हेलकाव्यांनी मळमळणे

वाक्प्रचार

डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे – अतिशय सावध राहणे
पाठ टेकणे – थोडी विश्रांती घेणे
जिवात जीव येणे – काळजी दूर होऊन बरे वाटणे
निभावून नेणे – संकटातून पार पडणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘तारिणी’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) नौकेच्या कप्तान कोण होत्या?
(इ) एकच दिवस दोनदा का आला?
(ई) ‘तारिणी’ मॉरिशसला का थांबली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पृथ्वीप्रदक्षिणेचे नियम कोणते?
(आ) पहाऱ्यावर असणाऱ्याला कोणती कामे करावी लागतात?
(इ) वादळात शिडे लहान का करावी लागतात?

प्र. ३. कारण सांगा.
(अ) नौकेवर वेळ पाळणे फार महत्त्वाचे असते.
(आ) दक्षिणेकडील समुद्रात वारे फार वेगाने वाहतात.

प्र. ४. जोड्या लावा.
(१) फ्रीमँटल – (अ) न्यूझीलंड
(२) लिटलटन – (आ) दक्षिण आफ्रिका
(३) केपटाऊन – (इ) मॉरिशस
(४) पोर्ट लुईस – (ई) ऑस्ट्रेलिया

प्र. ५. वर दिलेल्या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

प्र. ६. वचन बदला.
नौका, शीड, लाट, दोर, रात्र

उपक्रम : (१) जगाच्या नकाशात ‘तारिणी’चा मार्ग पेन्सिलीने दाखवा. (२) मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा. त्यांच्या अर्थांत काही फरक आहे का, याची वर्गात चर्चा करा.