इमारत कुणाच्या पावलांनी मोजायची?

प्रश्न : माझी मावसबहीण अमेरिकेत वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. ती सांगते, जुन्या इमारती इस्पितळासारख्या, लांबच लांब कॉरिडॉरच्या असत. आता मध्ये स्वयंपाकघर असलेली लहान घरं बांधतात. इमारतीच्या रचनेने म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीत खरंच फरक पडतो का, की ही नुसती सजावट?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फरक पडतो, आणि तो रोजच्या साध्या गोष्टींत पडतो. माणूस आपल्या पायांनी जेवायला जातो की त्याला ढकलत न्यावं लागतं, संडासला वेळेवर पोहोचतो की कपडे खराब होतात, दिवसभरात कुणाशी चार शब्द बोलतो की भिंतीकडे बघत बसतो, हे बरंचसं नकाशावरच ठरून गेलेलं असतं.

आधी ही इस्पितळी रचना आली कुठून ते पाहू. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्यामुळे अमेरिकेत इस्पितळं बांधायला सरकारी पैसा मिळू लागला. १९५४ च्या दुरुस्तीने तो नर्सिंग होमनाही खुला झाला आणि पैशाबरोबर इस्पितळाचा नमुनाही आला : मधोमध कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, खोलीत दोन खाटा, त्यांच्यामध्ये पडदा आणि मोक्याच्या जागी परिचारिकांचा कक्ष. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णासाठी ही मांडणी ठीक आहे. तो थोडे दिवस राहतो आणि परिचारिकेने त्याच्यापर्यंत चटकन पोहोचणं महत्त्वाचं असतं. वृद्ध माणूस मात्र तिथे वर्षानुवर्षं राहतो. परिचारिकेची पावलं मोजली गेली. राहणाऱ्यांची कुणी मोजलीच नाहीत.

त्याचा परिणाम असा होतो. टोकाच्या खोलीपासून जेवणाचा हॉल लांब पडतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना तेवढं चालवत नाही आणि कर्मचाऱ्यांना पुढची कामं असतात. मग चाकाची खुर्ची येते. चालणं सुटलं की पायांतलं बळ जातं आणि सोयीसाठी आणलेली खुर्ची कायमची होते. आजी घरी राहत होत्या तेव्हा स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. तेवढं त्या आताही चालल्या असत्या.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत अंतराइतकंच महत्त्व नजरेला आहे. समोर दिसत नाही ते त्यांना आठवून शोधता येत नाही. फिलाडेल्फियातल्या जेरियाट्रिक सेंटरने मानसशास्त्रज्ञ पॉवेल लॉटन यांच्या अभ्यासाच्या आधारे १९७४ मध्ये वेगळी इमारत उभी केली. तिथे खोल्या एका मोठ्या मोकळ्या जागेभोवती होत्या. दार उघडलं की माणसं, जेवणाची जागा, चाललेलं काम, सगळं दिसे. पुढे ओहायोतल्या कोरिन डोलन केंद्रातल्या अभ्यासात दिसलं, की संडास सहज नजरेस पडेल असा ठेवला की त्याचा वापर लक्षणीय वाढतो. औषध तेच, माणसं तीच; बदलली ती फक्त दृष्टीची रेषा.

तुमच्या मावसबहिणीने सांगितलेली लहान घरं बहुधा ‘ग्रीन हाउस’ पद्धतीची. डॉ. बिल थॉमस यांच्या कल्पनेतून अशी पहिली घरं २००३ मध्ये मिसिसिपीतल्या टुपेलो गावात उभी राहिली. एका घरात दहा-बारा जण, प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि न्हाणीघर, मध्ये उघडं स्वयंपाकघर आणि सगळ्यांना पुरेल असं एकच मोठं जेवणाचं टेबल. फोडणीचा वास खोलीपर्यंत आला की भूक लागते आणि माणूस आपणहून उठून येतो. थॉमस यांनी त्याआधी न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये कुत्री, मांजरं आणि शंभर पक्षी आणले होते. ती हकिकत अतुल गावंडे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या पुस्तकात वाचायला मिळते. गावंडे यांचं घराणं विदर्भातल्या उटी गावचं. शेतावरच्या मोठ्या कुटुंबात, माणसांच्या गराड्यात म्हातारे झालेले आपले आजोबाही त्यांनी त्याच पुस्तकात उभे केले आहेत.

नेदरलँड्समधल्या वेस्प गावात २००९ मध्ये उघडलेलं हॉगवेक आणखी पुढे गेलं. स्मृतिभ्रंश असलेली माणसं सहा-सात जणांच्या घरांत राहतात. बाहेर रस्ते, चौक, किराणा दुकान, कॅफे आहेत. इमारतींचीच सलग ओळ कुंपणाचं काम करते, त्यामुळे आत भटकण्यावर कुणाची रोकटोक नाही.

सगळ्यांनाच असं गाव उभारता येणार नाही, पण काही बदल स्वस्तात होतात. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून दिवे जास्त हवेत, पण डोळ्यांवर येणारे नकोत. चकचकीत फरशी ओली वाटते आणि काळी चौकट खड्ड्यासारखी दिसते. अशा ठिकाणी माणूस बिचकून थांबतो किंवा पडतो. पांढऱ्या भिंतीवरची पांढरी कठड्याची दांडी त्याला सापडत नाही. गडद रंगाची सापडते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री मंद पिवळा दिवा असला, की अंधारात धडपडणं टळतं.

आपल्याकडेही नियमांनी इथवर वाटचाल केली आहे. महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी अटी घातल्या. त्यात चाकाची खुर्ची जाईल अशी ९०० मिलिमीटरहून रुंद दारं, लिफ्ट आणि उतार यांचा समावेश आहे. मात्र दार रुंद असूनही जेवणघर लांब असू शकतं. म्हणून आईवडिलांसाठी जागा पाहायला जाल तेव्हा स्वागतकक्षातल्या सोफ्यांवर समाधान मानू नका. खोलीतल्या पलंगावर बसा. संडास दिसतो का? जेवणघर किती पावलांवर आहे? खिडकीतून माणसं, झाडं, रहदारी दिसते का? अंगणात कुणाची परवानगी न काढता जाता येतं का? यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ अशी आली आणि जेवणघर खरंच जवळ निघालं, तर त्या इमारतीने तिथे राहणाऱ्यांचं निम्मं ओझं उचललंय असं समजा.