मुलाचे पहिले वेल्डिंग : कोणते काम द्यावे?

ज्या घरी वेल्डिंगचे यंत्र येते, त्या घरातला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा त्यापासून फार दिवस दूर राहत नाही. वखराची पास तुटली, ट्रॉलीचा फाळका निखळला, की वडील जोड मारायला बसतात आणि मुलगा शेजारी उभा राहतो. मग ‘मलाही करू द्या’ हे ओघाने आलेच. करू द्यावे का, असे आईबाप विचारतात. आम्ही म्हणतो, द्यावे. मुलीने मागितले तर तिलाही द्यावे. मात्र पहिले काम नीट पारखून निवडावे.

मुलाच्या मनात बहुधा मोठे काही असते : शिडी, झोपाळा, मोटारसायकलचे कॅरियर. ही कामे तूर्त बाजूला ठेवावीत. ज्या जोडावर माणसाचा भार येतो, तो नवशिक्याने मारू नये. असा जोड वरून सुबक दिसतो, पण आत धातू मिसळलेलाच नसतो. शिडी मोडते तेव्हाच ते कळते. ट्रॅक्टरचा हूक तर जाणत्या कारागिराकडेच न्यावा.

आमच्या मते उत्तम काम म्हणजे दारापुढे चिखल खरवडण्याची पट्टी. माळव्याची काळी माती सोयाबीनच्या दिवसांत जोड्यांना कशी चिकटते, हे देवास-धारच्या शेतकऱ्याला सांगायला नको. वस्तू रोज उपयोगी पडते, घरातल्या बायकांचा सारवण्या-पुसण्याचा त्रास वाचतो, आणि जोड सुटलाच तर कुणाचा पाय मोडत नाही.

सामान थोडे लागते. २५ मिलिमीटरच्या, ५ मिलिमीटर जाडीच्या अँगलचे एकेक फुटाचे दोन पाय आणि त्यांच्यामध्ये ४० बाय ५ मिलिमीटरची एक फूट पट्टी, उभ्या धारेवर. भंगारातले लोखंड चालेल, पण गंज आणि रंग घासून काढावा. पातळ पत्रा किंवा पातळ चौकोनी पाइप नवशिक्याला देऊ नये. क्षणात भोक पडते आणि मुलाचा हिरमोड होतो. अडीच मिलिमीटरचा साधा रॉड आणि सुमारे ८० अँपिअरपासून सुरुवात करावी.

एकदम पट्टीवर हात चालवू देऊ नये. आधी दोन-तीन दिवस भंगाराच्या तुकड्यावर नुसत्या रेघा ओढाव्यात. मग दोन तुकडे काटकोनात ठेवून एकाच बाजूने जोडावेत, थंड झाल्यावर शिकंजात धरून हातोड्याने मोडावेत आणि तुटलेली जागा मुलालाच पाहू द्यावी. कोपऱ्यापर्यंत धातू पोचला होता की नुसता वर बसला होता, हे तिथे स्वच्छ दिसते. आपलाच जोड मोडून पाहणे मुलाला आवडत नाही, पण दहा वेळा समजावून जे कळत नाही ते यात कळते. खऱ्या कामात आधी बारीक टाके मारावेत, गुण्या लावून पाहावा आणि मगच रेघ पुरी करावी. थंड होताना जोड लोखंडाला आपल्याकडे ओढतो.

ओघात सांगतो. धारला लाट मशिदीपाशी लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आहेत, एकूण लांबी सुमारे ४३ फूट. तो राजा भोजाच्या काळचा मानतात. विजेचे नावही नव्हते तेव्हा लोखंडाचे गोळे तापवून, घणाने एकमेकांत ठोकून तो घडवला. धारला जाणे झालेच, तर मुलाला अवश्य दाखवावा.

आता जिवाचे. ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू नये, शेजारी उभ्या धाकट्या भावंडानेही नाही. दहा-अकरा नंबरच्या काचेचा मुखवटा लागतो. उन्हाचा चष्मा कामाचा नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी पुष्कळदा सहा-बारा तासांनी, म्हणजे रात्री सुरू होते. तेव्हा डोळे चोळू नयेत, दूध किंवा गुलाबपाणी घालू नये. थंड पाण्याची घडी ठेवून डॉक्टरांकडे जावे. कपडे सुती, अंगभर. हातमोजे आणि बूट चामड्याचे. ओल्या जमिनीवर काम नको, भुशाच्या ढिगाजवळ तर नकोच. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाच्या धुराने संध्याकाळी थंडीताप भरतो. डिझेलचे किंवा औषधाचे रिकामे पिंप कधीही वेल्ड करू नये. त्याचा स्फोट होतो. वेल्डिंगच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७ साली ठरवले आहे. म्हणून काम उघड्यावर, वाऱ्याच्या आडव्या दिशेला उभे राहून करावे, आणि धुरात डोके घालू नये.

मुलगा हाताने चांगला निघाला, की कुणी तरी म्हणतो, वर्कशॉपमध्ये बसवा, चार पैसे आणील. तसे करू नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. घरी वडिलांच्या नजरेखाली शिकणे वेगळे. आवड टिकली, तर आठवी झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाला आयटीआयचा वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पिथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत ते शिक्षण कामी येते.

पट्टी झाली की तिच्या धारा कानशीने मोडाव्यात, रंग द्यावा आणि पाय सात-आठ इंच सिमेंटात गाडावेत. दुसरे काम म्हणून माठाची घडवंची घ्यावी. तिचे कडे वाकवायला मात्र गावच्या लोहाराचा हात लागेल.