सही माझी, राजीनामा त्यांचा

मुळशी तालुक्यातल्या एका खासगी शाळेत मी कायम शिक्षिका होते. नेमणुकीच्या वेळी संस्थेने सगळ्यांकडूनच कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या. पुढे पगारावरून वाद झाला आणि जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी हजेरीपत्रकात माझं नावच नव्हतं. "बाई, तुम्ही मे महिन्यातच राजीनामा दिलाय, मंजूरही झालाय," मुख्याध्यापक म्हणाले. कागदावर सही माझीच होती. वरचा मजकूर मात्र टाइप केलेला, मी आयुष्यात न लिहिलेला.

संस्थेला असा कागद का हवा असतो, हे आधी समजून घ्या. कायम शिक्षकाला काढायचं तर आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी समिती नेमावी लागते, बचावाची संधी द्यावी लागते. राजीनाम्याला यातलं काहीच लागत नाही. शिवाय खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्यातलं कलम ९ शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू देतं ते बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा गोष्टींविरुद्ध. राजीनामा खरा ठरला की अपीलच उभं राहत नाही. म्हणजे सगळा खटला एकाच प्रश्नावर येतो: नोकरी संपावी ही इच्छा कोणाची होती?

माझ्या वकिलांनी याच कायद्यातलं कलम ७ दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला. कायम कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत करायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची, दुसरी स्वतःकडे ठेवायची. या कायद्याखालच्या १९८१ च्या नियमावलीतला नियम ४० कायम कर्मचाऱ्याकडून तीन महिन्यांची नोटीस मागतो आणि सुट्टीच्या काळात अशी नोटीस देऊ नये असंही सांगतो. माझ्या नावावरच्या कागदाची तारीख उन्हाळी सुट्टीतली होती. पोस्टाची पावती नव्हती, नोटिशीचा काळ नव्हता, आवक नोंदवहीत नोंदही नव्हती. या उणिवा आपल्या बाजूने बोलतात, पण त्या न्यायाधिकरणासमोर मांडायला आपण वेळेत पोहोचायला हवं. अपिलाची मुदत फक्त ३० दिवसांची. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

त्या पहिल्या दिवसांत घरी बसू नका. मी रोज शाळेच्या फाटकापर्यंत जात होते आणि संध्याकाळी पत्र लिहीत होते: मी राजीनामा दिलेला नाही, कामावर यायला तयार आहे, मला सही करू दिली जात नाही. पौडच्या पोस्टातून ते पोचपावतीसह जायचं, एक प्रत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. नातेवाईक म्हणत, "आता पत्रं लिहून काय होणार?" न्यायाधिकरणात हीच पत्रं कामी आली, कारण राजीनामा देऊन गेलेलं माणूस रोज कामावर घ्या म्हणून लिहीत नाही. कागद बघितला त्याच दिवशी पौड पोलीस ठाण्यात कोऱ्या सह्यांबद्दल लेखी तक्रारही दिली होती. हिशेब चुकता करून देतो म्हणत संस्थेने चेक पुढे केला, तो मी घेतला नाही. ज्यांना घ्यावाच लागेल त्यांनी निदान 'हरकत राखून' असं लिहून घ्यावा.

पिरंगुट भागातल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा कायदा वेगळा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. पण प्रश्न तिथेही इच्छेचाच. कामगार आठ दिवसांहून जास्त आला नाही म्हणून "तो स्वतःच सोडून गेला" असं म्हणत परस्पर नाव कमी करणं, हे डी. के. यादव या कामगाराच्या १९९३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं नाही. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं होतं, असं न्यायालयाने सांगितलं.

मला नोकरी परत मिळाली. मागच्या पगारासाठी मात्र आणखी एक गोष्ट सांभाळा. दीपाली गुंडू सुरवसे या शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मधल्या काळात आपल्याला दुसरी कमाई नव्हती हे काढलेल्या कर्मचाऱ्याने आधी सांगावं लागतं. ते सांगितलं की उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. कमाई नसल्याचं हे वाक्य अपिलातच घालून घ्या. वकील घाईत विसरतात.